पाळणाघर कसे निवडावे: प्रथमच मूल सोपवणाऱ्या पालकांसाठी

पाळणाघर पाहायला गेलेले बहुतेक पालक आधी जागा पाहतात. भिंतींवरची चित्रे, रंगीत खुर्च्या, खेळण्यांचे कपाट आणि स्वागतकक्षातील टापटीप एका नजरेत दिसते, त्यामुळे तसे होणे स्वाभाविक आहे. मुलाचा दिवस मात्र जागेपेक्षा माणसांवर अवलंबून असतो. त्याला कोण भरवणार, ते रडू लागले तर कोण किती वेळात जवळ येणार, त्याच्याशी दिवसभरात कितीदा कोणी बोलणार आणि आज त्याला ओळखू लागलेली व्यक्ती सहा महिन्यांनंतरही तिथे असणार का, या प्रश्नांची उत्तरे ज्या पाळणाघरात समाधानकारक मिळतात, तिथला रंग उडालेला असला तरी फारसे बिघडत नाही. पुढील पायऱ्या याच प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी आहेत.

मूल पाळणाघरात ठेवावे की नाही, हा या लेखाचा विषय नाही. तरीही अपराधी भावनेने बेचैन झालेल्या पालकांसाठी एक गोष्ट नोंदवतो. अमेरिकेत १९९१ मध्ये सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासात तेराशेहून अधिक मुलांचा जन्मापासून पुढे अनेक वर्षे मागोवा घेण्यात आला. मुलाच्या वाढीवर घराचा आणि पालकांच्या वागण्याचा प्रभाव हा पाळणाघराच्या प्रभावापेक्षा मोठा असतो, असे त्यात आढळले. त्याचबरोबर, जिथे सांभाळणारी माणसे मुलांशी आपुलकीने आणि भरपूर बोलत होती, तिथल्या मुलांची भाषा आणि आकलन काहीसे सरस दिसले, तर फार जास्त तास घराबाहेर राहिलेल्या मुलांच्या वागण्यात थोड्या अधिक अडचणी दिसल्या. म्हणजे काळजी करायचीच असेल, तर ती दर्जाची आणि तासांची करावी.

पहिली पायरी: घरी बसून गरज नक्की करणे

शोध सुरू करण्यापूर्वी मूल रोज नेमके किती तास पाळणाघरात राहणार आहे, हे कागदावर मांडावे. त्यात कामाच्या तासांबरोबर जाण्यायेण्याचा वेळ आणि उशीर होण्याची शक्यता धरावी. घरातील दोघांच्या वेळा थोड्या पुढेमागे करून एकाने सकाळी उशिरा सोडणे आणि दुसऱ्याने संध्याकाळी लवकर आणणे शक्य असेल, तर मुलाचा दिवस तासा-दोन तासांनी लहान होतो, आणि हा फरक कोणत्याही खेळण्यापेक्षा मोलाचा असतो.

पाळणाघर घराजवळ असावे की कामाच्या ठिकाणाजवळ, याचे उत्तर बाळाच्या वयावर ठरते. आईला मधल्या वेळेत येऊन दूध पाजायचे असेल, तर कामाच्या जवळचे ठिकाण सोयीचे पडते. मूल मोठे असेल, तर घराजवळचे ठिकाण बरे, कारण पालक अडकले तर शेजारी किंवा नातेवाईक जाऊन त्याला आणू शकतात आणि मुलाला रोज लांबचा प्रवास घडत नाही.

घरगुती पाळणाघर आणि मोठे केंद्र यांपैकी कोणते चांगले, हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. घरगुती ठिकाणी मुले थोडी असतात आणि सांभाळणारी व्यक्ती सहसा एकच राहते, हे लहान बाळाच्या दृष्टीने चांगले आहे. मात्र ती व्यक्ती आजारी पडली तर पर्याय नसतो आणि तिच्या कामाकडे पाहणारे दुसरे मोठे माणूसही बहुधा नसते. मोठ्या केंद्रात बदली माणूस मिळतो, नियम लेखी असतात, पण ताई वारंवार बदलण्याचा धोका तिथे अधिक असतो. माझ्या मते दीड वर्षाखालील बाळासाठी प्रकारापेक्षा सांभाळणारी व्यक्ती टिकून राहण्याला अधिक महत्त्व द्यावे.

तान्ह्या बाळांच्या जागा सर्वत्र सर्वांत कमी असतात, कारण त्यांच्यासाठी माणसे सर्वांत जास्त लागतात. म्हणून कामावर रुजू होण्याच्या काही महिने आधीच चौकशीला लागावे. बाळाच्या वयाचाही विचार करावा. साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत ओळखीचे माणूस नजरेआड झाले की मुले हवालदिल होतात. हे वाढीचे सुदृढ लक्षण आहे, पण या काळात पाळणाघर सुरू करायचे असेल, तर रुळण्यासाठी जास्त दिवस हाताशी ठेवावे लागतात.

दुसरी पायरी: फोनवरची चाळणी

प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष जाण्याची गरज नसते. पाच-सहा प्रश्न फोनवर विचारले की यादी आपोआप आखूड होते: आमच्या बाळाच्या वयासाठी जागा आहे का, वेळा कोणत्या, शुल्कात काय समाविष्ट आहे, तुमच्या भागात आवश्यक असलेली नोंदणी किंवा परवाना आहे का, आणि एका मोठ्या माणसाकडे किती मुले असतात.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सहभागाने तयार झालेली मानके सांगतात की एक वर्षापर्यंतच्या बाळांसाठी एका व्यक्तीकडे तीनपेक्षा जास्त बाळे नसावीत आणि एका गटात सहापेक्षा जास्त नसावीत. एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी हे आकडे चार आणि आठ, तर तीन वर्षांच्या मुलांसाठी सात आणि चौदा असे आहेत. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालील मुलांसाठी एका व्यक्तीमागे तीन मुले अशी मर्यादा आहे. अनेक देशांतले नियम याहून बरेच सैल आहेत, आणि नियमात बसणारे प्रत्येक ठिकाण पुरेसे आहे असे समजू नये. एकाच वेळी चार तान्ही बाळे भुकेने रडू लागली, तर दोन हात किती जणांपर्यंत पोहोचतील, एवढा हिशेब करून पाहिला तरी आकड्याचा अर्थ उमगतो.

हा आकडा विचारताना थोडी खोलात चौकशी करावी. काही ठिकाणी कार्यालयात बसणाऱ्या संचालिका, स्वयंपाक करणारी व्यक्ती आणि सफाई कर्मचारी यांनाही मोजणीत धरलेले असते. म्हणून 'दुपारी ताई जेवायला जातात तेव्हा खोलीत कोण असते?' आणि 'सकाळी लवकर व संध्याकाळी उशिरा सगळ्या वयांची मुले एकत्र बसवता का?' असे नेमके प्रश्न विचारावेत. यांची उत्तरे अडखळत आली, तर सांगितलेला आकडा कागदापुरताच असण्याची शक्यता मोठी.

तिसरी पायरी: प्रत्यक्ष भेट

दोन किंवा तीन ठिकाणे निवडून प्रत्येक ठिकाणी किमान दोनदा जावे. पहिली भेट वेळ ठरवून असेल आणि तेव्हा सगळे नीटनेटके दिसेल. दुसरी भेट शक्यतो जेवणाच्या आधीच्या अर्ध्या तासात किंवा संध्याकाळी मुले थकलेली असतात तेव्हा घ्यावी. मुले भुकेली, पेंगुळलेली आणि किरकिरी असताना माणसे त्यांच्याशी कशी वागतात, त्यावरून त्या पाळणाघराची खरी ओळख होते. पूर्वसूचना न देता कधीही येण्याची मुभा पालकांना नसेल, तर ते ठिकाण यादीतून काढावे. मुलांच्या झोपेच्या वेळी गोंधळ नको म्हणून खोलीबाहेर थांबायला सांगणे समजण्यासारखे आहे. दारच बंद ठेवणे समजण्यासारखे नाही.

भेटीत बोलणे कमी ठेवून एका कोपऱ्यात वीस मिनिटे शांत बसण्याची परवानगी मागावी. पहिली काही मिनिटे सगळे तुमच्याकडे पाहून वागतील, नंतर सवयीचे वागणे सुरू होईल. पाहायचे ते पुढीलप्रमाणे.

डायपर बदलताना काय होते, ते आधी पाहावे. हंगेरीतील बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांनी १९४६ पासून बुडापेस्टमध्ये लहान बाळांसाठी चालवलेल्या निवासी संस्थेत एका गोष्टीवर विशेष भर दिला होता: अंघोळ, कपडे बदलणे, भरवणे अशी रोजची कामे उरकून टाकायची नसून बाळाशी जवळीक साधण्याची तीच मुख्य वेळ आहे. आजही हे निरीक्षण पारखण्याच्या कसोटीसारखे वापरता येते. बाळाला उचलण्याआधी ताई त्याच्या समोर येऊन, हात पुढे करून, 'चल, आता बदलू या' असे काही म्हणतात का? बदलताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहतात का, त्याने काढलेल्या आवाजाला उत्तर देतात का? की मागून येऊन बाळाला उचलले, दुसऱ्या ताईंशी गप्पा मारत काम संपवले आणि परत खाली ठेवले, असे होते? दिवसातून पाच-सहा वेळा, आठवड्याचे पाच-सहा दिवस हेच घडणार असते, म्हणून ही लहानशी बाब लहान राहत नाही. त्याच वेळी बदलण्याचा पृष्ठभाग पुसला जातो का आणि प्रत्येक बाळानंतर साबणाने हात धुतले जातात का, हेही दिसून येते.

दुसरे म्हणजे रडणे. रडणारे मूल असणे हा दोष नव्हे. लहान मुलांच्या खोलीत कोणी ना कोणी रडतच असते. कोणी तरी त्याच्याकडे वळते का, हात रिकामे नसतील तर निदान लांबून त्याच्या नावाने धीर देते का, आणि उचलल्यावर ते मूल त्या व्यक्तीच्या खांद्यावर शांत होते का, हे पाहावे. 'त्याला सवयच आहे', 'लक्ष दिले की जास्त रडते' अशी वाक्ये कानावर आली, तर सावध व्हावे. त्याहून चिंतेची खूण म्हणजे अनेक बाळे जागी असूनही खोलीत पसरलेली विलक्षण शांतता आणि आलेल्या कोणत्याही परक्या माणसाच्या पायाला बिलगणारी मुले.

तिसरे म्हणजे मोठी माणसे कुठे आहेत. ताई जमिनीवर, मुलांच्या उंचीला बसलेल्या असतील, तर संवाद घडतो. त्या उभ्या राहून एकमेकींशी बोलत असतील किंवा हातात मोबाइल असेल, तर घडत नाही. मुलांशी होणारे बोलणे केवळ 'नको', 'बस', 'हात लावू नको' इतक्यावर संपते की त्यात प्रश्न, गाणी, वस्तूंची नावे आणि थट्टामस्करी असते, तेही ऐकावे. दूरचित्रवाणी किंवा मोबाइल लावून भरवण्याची पद्धत असेल, तर स्पष्ट विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांसाठी पडद्यासमोरचा वेळ असूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी तो दिवसाला एका तासाहून अधिक नसावा. घरीही थोडा पडदा होणार हे धरले, तर पाळणाघराच्या वाट्याला शून्यच यायला हवे.

चौथी पायरी: झोपण्याची खोली आणि बाकीची सुरक्षितता

बहुतेक पालक या खोलीत फक्त डोकावतात. इथे थोडे थांबावे. एक वर्षाखालील बाळाला प्रत्येक झोपेसाठी पाठीवरच निजवायला हवे. गादी सपाट आणि टणक हवी. उशी, जाड पांघरूण, मऊ खेळणी आणि कडेच्या गाद्या पाळण्यात नकोत. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या दशकात झोपेत अचानक होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. पाळणाघराच्या बाबतीत एक बारकावा ध्यानात घ्यावा. घरी नेहमी पाठीवर झोपणाऱ्या बाळाला दुसऱ्या कोणी एकदम पोटावर निजवले, तर त्याचा धोका विशेष वाढतो. म्हणून 'आम्ही सगळ्यांना पालथेच निजवतो, लवकर झोपतात' असे उत्तर मिळाले, तर इतर सगळे कितीही चांगले असले तरी तिथे तान्हे बाळ ठेवू नये. झोपलेल्या बाळांच्या खोलीत कोणी तरी असते की केवळ आवाज ऐकण्याचे यंत्र ठेवलेले असते, हेही विचारावे.

सुरक्षिततेच्या बाकीच्या गोष्टी भरभर तपासता येतात. खिडक्यांना जाळी आणि जिन्याला फाटक असावे, कपाटे भिंतीला पक्की केलेली असावीत, विजेचे सॉकेट झाकलेले असावेत आणि औषधे व साफसफाईची रसायने कुलपात असावीत. बाथरूममध्ये भरलेली बादली उघडी ठेवलेली नसावी, कारण काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकते. खेळण्यांत चपटे गोल बॅटरी सेल किंवा सुटी चुंबके नसावीत. खाण्याच्या बाबतीत अख्खे दाणे, कडक गोळ्या, पॉपकॉर्न आणि न कापलेली द्राक्षे लहान मुलांना दिली जात नाहीत ना, हे पाहावे. द्राक्षे लांबीच्या बाजूने चिरून देणारे स्वयंपाकघर सहसा इतर बाबतींतही जागरूक असते. घशात काही अडकले तर काय करायचे, याचे प्रशिक्षण घेतलेली किमान एक व्यक्ती प्रत्येक वेळी हजर असते का, याचे उत्तर 'हो' असायला हवे. 'एक ताई आहेत, पण त्या आज आल्या नाहीत' हे उत्तर 'नाही' असेच धरावे.

सीसीटीव्हीबद्दल पालकांना फार ओढ असते. कॅमेरा असणे वाईट नाही, परंतु तो माणसांची संख्या वाढवत नाही आणि त्यांचा स्वभावही बदलत नाही. जिथे संचालिका प्रश्नांची उत्तरे टाळून वारंवार कॅमेऱ्याकडे बोट दाखवतात, तिथे माझा विश्वास कमीच होतो.

पाचवी पायरी: संचालिकांशी सविस्तर बोलणे

पाहणी झाल्यावर प्रश्नांची वेळ येते. 'तुमच्याकडे मुलांवर प्रेम करतात का?' या प्रश्नाला एकच उत्तर मिळते, म्हणून तो विचारू नये. प्रसंग सांगून विचारावे: दोन वर्षांच्या मुलाने दुसऱ्याला चावले तर त्या क्षणी तुम्ही काय करता, आणि दोन्ही घरी काय सांगता? एखाद्या मुलाने दोन दिवस जेवायलाच नकार दिला तर? चांगल्या ठिकाणी उत्तर ठोस मिळते: आधी चावा बसलेल्या मुलाकडे पाहतो, चावणाऱ्याला थोडक्यात थांबवतो, पुन्हा केव्हा घडते याची नोंद ठेवतो, दोन्ही पालकांना कळवतो पण चावणाऱ्याचे नाव सांगत नाही. मारणे, कोंडणे, खाणे रोखणे, भीती घालणे किंवा शी-शू झाल्याबद्दल चारचौघांत लाजवणे यांपैकी काहीही शिस्तीच्या नावाखाली चालत असेल, तर चर्चा तिथेच थांबवावी.

ताई किती काळापासून काम करत आहेत आणि गेल्या वर्षभरात किती जणी सोडून गेल्या, हा प्रश्न संकोच न करता विचारावा. त्यांना सुट्टी, विश्रांती आणि वेळेवर पगार मिळतो का, हे थेट विचारणे अवघड वाटते. पण ज्यांची स्वतःची आबाळ होते त्यांना दिवसभर संयमाने इतरांची मुले सांभाळणे कठीण जाते आणि त्या लवकर निघूनही जातात. शक्य असल्यास ज्या ताईंकडे मूल राहणार आहे त्यांच्याशी स्वतंत्रपणे दहा मिनिटे बोलावे. आमच्या बाळासाठी एक मुख्य ताई ठरलेल्या असतील का, आणि त्या नसताना दुसरी ठरलेली ओळखीची व्यक्ती असेल का, हे त्याच वेळी निश्चित करावे.

आजारपणाचे नियम कडक असतील तर पालकांची अडचण होते, तरीही कडक नियमच चांगले. उलटी किंवा जुलाब थांबून ४८ तास आणि ताप औषधाविना उतरून २४ तास होईपर्यंत मूल न घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी असते. औषध द्यायचे झाल्यास पालकांची लेखी परवानगी, मूळ बाटली आणि दिल्याच्या वेळेची नोंद हवी. काढलेले आईचे दूध स्वीकारतात का, बाटलीवर नाव व तारीख लिहितात का आणि ते कुठे साठवतात, हेही तपासावे. असे ताजे दूध खोलीच्या साधारण तापमानाला चार तासांपर्यंत आणि फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत टिकते, तर एकदा कोमट केलेले दूध दोन तासांत वापरावे लागते.

करारपत्र घरी आणून वाचावे. अनामत रक्कम, उशिराचा दंड, सुट्ट्यांतील शुल्क, मूल काढताना द्यायची आगाऊ सूचना आणि मुलाचे फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याबाबतची संमती ही पाच कलमे विशेष लक्ष देऊन पाहावीत. मुलाला न्यायला कोण येऊ शकते त्यांची नावे लेखी द्यावीत आणि यादीबाहेरचे माणूस आले तर तुम्ही काय कराल, असे विचारावे.

सहावी पायरी: रुळवणे

निवड झाल्यावर पहिल्याच दिवशी मूल सोडून थेट कामावर जाणे टाळावे. जर्मनीत प्रचलित असलेल्या बर्लिन पद्धतीत पहिले तीन दिवस पालक मुलासह थोडा वेळ पाळणाघरात बसतात आणि मुलाला सोडून जाण्याचा प्रयत्नही करत नाहीत. चौथ्या दिवशी पालक मुलाचा निरोप घेऊन थोडा वेळ, फार तर अर्धा तास, खोलीबाहेर जातात. मूल रडले आणि ताईंनी जवळ घेतल्यावर शांत झाले, तर पुढे हा वेळ हळूहळू वाढवतात. ते शांत झालेच नाही, तर काही दिवस मागे जाऊन पुन्हा सुरुवात करतात. तुमच्या पाळणाघरात अशी ठरलेली पद्धत नसली तरी एक-दोन आठवड्यांचा असा काळ मागून घ्यावा आणि नोकरीवर रुजू होण्याची तारीख त्यानुसार ठरवावी. मूल खेळात रमलेले पाहून गुपचूप निघून जाण्याचा मोह होतो, पण त्यामुळे ते पुढे सतत दाराकडे पाहत राहते. थोडक्यात निरोप घ्यावा, परत केव्हा येणार ते त्याला कळेल असे सांगावे, जसे 'झोपून उठलास की मी येईन', आणि मग रेंगाळू नये.

घरातील वासाचे एखादे दुपटे किंवा आवडते खेळणे जागेपणी सोबत राहू द्यावे. याच काळात शी-शूची सवय लावणे, दूध सोडवणे किंवा वेगळ्या खोलीत झोपवणे असे दुसरे बदल सुरू करू नयेत.

सातवी पायरी: सुरू झाल्यानंतरचे लक्ष

पहिल्या वर्षात सर्दी-खोकला वारंवार होईल, हे गृहीत धरून रजा राखून ठेवावी. वर्षाला आठ-दहा वेळा सर्दी होणे या वयात असामान्य नाही आणि तेवढ्यावरून पाळणाघर अस्वच्छ ठरत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर चिडचिड होणे हेही सुरुवातीला सामान्य आहे. दिवसभर आवरलेले मूल आपल्या माणसांपाशी मोकळे होत असते.

काळजीच्या खुणा वेगळ्या असतात. काही आठवडे झाल्यावरही मूल एकाही ताईंकडे झेपावत नाही, ठरावीक व्यक्ती दिसली की आक्रसते, झोप आणि भूक दीर्घकाळ बिघडलेली राहते, किंवा अंगावरच्या जखमांचे स्पष्टीकरण दरवेळी वेगळे मिळते, तर तातडीने बोलावे आणि वेळ न सांगता जाऊन पाहावे. मूल बोलू लागलेले असेल, तर 'कोणी मारले का?' असे सुचवणारे प्रश्न विचारण्यापेक्षा 'आज जेवताना काय काय झाले?' असे मोकळे प्रश्न विचारावेत. इजा होत असल्याचा वाजवी संशय आला, तर सूचनेच्या मुदतीची किंवा अनामत रकमेची फिकीर न करता मूल त्याच दिवशी घरी आणावे, डॉक्टरांना दाखवावे, दिसलेल्या खुणांची तारखेसह नोंद व फोटो ठेवावेत आणि बालसंरक्षण यंत्रणेकडे तक्रार करावी.

तक्रार साधी असेल, म्हणजे डबा तसाच परत येतो किंवा दुपारची झोप अपुरी होते अशी, तर आधी ताईंशी बोलावे, मग गरज पडल्यास संचालिकांशी. मूल हातात घेऊन दारात उभ्या उभ्या असे विषय काढू नयेत; वेगळी वेळ मागावी. दोन-तीनदा बोलूनही काही बदलले नाही आणि ठिकाण बदलायचे ठरले, तर नव्या ठिकाणी रुळवण्याचे दिवस जुन्या ठिकाणच्या सूचनेच्या मुदतीतच बसवावेत, म्हणजे मधे खंड पडत नाही आणि मुलाला जुन्या ताईंचा नीट निरोप घेता येतो.